नॉर्वेजियन सामासिक नामे: तोडायची कशी, जोडायची कशी, उच्चारायची कशी

पाककृतीत ‘अननसबीतेर’ असा एक शब्द येतो. अननस हे फळ तिकडेही अननसच आहे, आणि ‘बीतेर’ म्हणजे तुकडे. तेव्हा अर्थ झाला अननसाचे तुकडे. हाच शब्द मध्ये जागा सोडून ‘अननस बीतेर’ असा लिहिला की त्याचे वाक्य बनते आणि अर्थ होतो ‘अननस चावतो’. ‘स्तेक्त ह्युल्लिंगलेव्हेर’ म्हणजे तळलेली कोंबडीची कलेजी. शेवटचा शब्द तोडून लिहिला, तर वाचणाऱ्याला कळते की तळलेली कोंबडी जिवंत आहे. अशा चुका नॉर्वेजियन माणसेही करतात आणि एकमेकांना त्यावरून चिडवतात. आपली अडचण मात्र दुहेरी असते, कारण मराठी माणूस हे शब्द लिहिताना तर तोडतोच, पण बोलतानाही दोन्ही भागांवर सारखा जोर देतो, आणि ऐकणाऱ्याला एका शब्दाऐवजी दोन सुटे शब्द ऐकू येतात.

पुढील सर्व टप्प्यांमागे एकच क्रम आहे: सामासिक नामाचा अर्थ आणि लिंग मागून शोधायचे, आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पुढून ठरवायचा. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

## तयारी

येथे बूकमोल ही लेखनपद्धती आणि ऑस्लो व पूर्व नॉर्वे भागातील उच्चार गृहीत धरले आहेत. बर्गन किंवा स्ताव्हांगेर येथे राहणाऱ्यांना काही उच्चार वेगळे ऐकू येतील. ते योग्य ठिकाणी सांगितले आहेत.

नॉर्वेजियन शब्द येथे देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिले आहेत. काही स्वर मात्र आपल्या लिपीत बसत नाहीत. तिरकी रेघ मारलेला ओ हा खरे तर ओठांचा चंबू करून म्हटलेला ‘ए’ आहे; तो येथे ‘ओ’ असाच लिहिला आहे. तसाच चंबू करून म्हटलेली ‘ई’ येथे ‘यू’ अशी लिहिली आहे. स्पेलिंग पाहण्यासाठी शब्दकोश जवळ ठेवावा. बर्गन विद्यापीठ आणि स्प्रोकरोदे ही भाषा परिषद यांचा ‘बूकमोल्सऊरबूका’ इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो.

सोबत एक वही आणि आवाज नोंदवता येईल असा फोन असावा. वहीत प्रत्येक नाम त्याच्या लिंगदर्शक उपपदासह, म्हणजे ‘एन’, ‘एई’ किंवा ‘एत’ यांसह लिहिण्याची सवय आधी लावून घ्यावी. उपपदाविना पाठ केलेले नाम पुढच्या पहिल्याच टप्प्यावर अडते.

## टप्पा १: शब्द मागून तोडा

सामासिक नामातले शेवटचे पद मुख्य असते. वस्तू कोणती, तिचे लिंग कोणते, अनेकवचन कसे होते, हे सारे तेच ठरवते. पुढचे पद केवळ प्रकार सांगते. मराठीतल्या तत्पुरुष समासाची रीतही हीच आहे: देव पुल्लिंगी असला तरी आपण ‘ते देवघर’ म्हणतो.

‘बाण’ म्हणजे मूल, आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे: एत बाण. (स्पेलिंगमधले र आणि न मिळून आपला अस्सल ‘ण’ होतो, तेव्हा हा शब्द आपल्याला फुकटात मिळतो.) ‘हागे’ म्हणजे बाग, तो पुल्लिंगी आहे. दोन्ही जोडून ‘बाणेहागे’, म्हणजे बालवाडी, हा शब्द होतो आणि त्याचे उपपद ‘एन’ असते, ‘एत’ नव्हे. निश्चित रूप, म्हणजे ठरावीक ‘ती बालवाडी’ असे सांगायचे रूप, ‘बाणेहागेन’. त्यापुढे ‘प्लास्स’, म्हणजे जागा, लावले की ‘बाणेहागेप्लास्स’, बालवाडीतली जागा. आता सारे काही ‘प्लास्स’ ठरवणार.

पदांचा क्रम बदलला की वस्तूच बदलते. ‘मेल्केशोकोलादे’ हे चॉकलेट आहे, दुधाचे. ‘शोकोलादेमेल्क’ हे दूध आहे, चॉकलेटचे. दुकानात उलट शब्द उच्चारला, तर उलटच वस्तू हातात येईल आणि दोष दुकानदाराचा नसेल.

अनेकवचनात फक्त शेवटचे पद बदलते. ‘बूक’ म्हणजे पुस्तक, अनेकवचन ‘बोकेर’. म्हणून ‘बाणेबूक’ (मुलांचे पुस्तक) याचे ‘बाणेबोकेर’. पुस्तके अनेक असली तरी फडताळ ‘बूकह्युल्ले’च राहते, पहिल्या पदाला कोणी अनेकवचनाचा प्रत्यय लावत नाही.

पडताळणी: शेवटचे पद बाजूला काढून ‘हा त्याचाच एक प्रकार आहे का?’ असे विचारा. बालवाडी हा बागेचा प्रकार नाही हे खरे, पण व्याकरण तिला बागच समजते. उत्तर अर्थाने पटले नाही तरी लिंगासाठी तेच धरावे.

## टप्पा २: सांधा ओळखा

दोन पदे तीन प्रकारे जुळतात: काहीही न घालता, मध्ये ‘ए’ घालून किंवा मध्ये ‘स’ घालून. येथे तर्क पूर्णपणे चालत नाही. एकाच ‘लान’ (भूमी, देश) या शब्दापासून ‘लानब्रूक’ (शेती), ‘लान्सब्यू’ (खेडे) आणि ‘लान्नेव्हेई’ (गावाबाहेरचा मोठा रस्ता) असे तिन्ही प्रकार होतात. तरीही काही ठिकाणी नियम बऱ्यापैकी भरवशाचा आहे.

पहिले पद भाववाचक किंवा तत्सम प्रत्ययाचे असेल तर ‘स’ येतो. असे प्रत्यय म्हणजे ‘-हेत’, ‘-दोम’, ‘-स्काप’, ‘-शून’, ‘-तेत’, ‘-एल्से’ आणि ‘-इंग’. ‘फ्रीहेत’ म्हणजे स्वातंत्र्य. स्वातंत्र्यलढा म्हणजे ‘फ्रीहेत्सकाम्प’. ‘स्ताशून’ हे स्थानक. स्थानकाभोवती वाढलेले गाव ‘स्ताशून्सब्यू’.

वरचा ‘-एल्से’ वगळता, पहिले पद जोर नसलेल्या ‘-ए’ने संपत असेल तर काहीही घालू नये: ‘स्कूले’ (शाळा) आणि ‘बाण’ मिळून ‘स्कूलेबाण’. काम करणारी व्यक्ती दाखवणाऱ्या ‘-एर’ प्रत्ययानंतरही काही येत नाही.

‘ए’चा सांधा माणसे आणि प्राणी यांच्या नामांनंतर पुष्कळदा दिसतो, पण तेवढ्यापुरताच नसतो. ‘स्कात्त’ म्हणजे कर, आणि नोकरीला लागताना ज्याची पहिल्याच महिन्यात गरज पडते ते करपत्र ‘स्कात्तेकॉट्ट’. हे शब्द सांध्यासकटच पाठ करावे लागतात.

पहिले पद स्वतःच सामासिक असेल, तर पुष्कळदा ‘स’ येतो. वाइनचा पेला ‘वीनग्लास्स’, मध्ये काही नाही. पण तांबड्या वाइनचा पेला ‘रोवीन्सग्लास्स’. हा ‘स’ ऐकणाऱ्याला सांगतो की ‘रोवीन’ एक गट आहे आणि ‘ग्लास्स’ दुसरा. तांबडा रंग वाइनचा आहे, पेल्याचा नव्हे. मात्र ‘बाणेहागेप्लास्स’मध्ये असा ‘स’ येत नाही, म्हणून याला नियम न म्हणता कल म्हणावे.

सावधान: ‘ह्युल्लिंग’ (कोंबडी) या शब्दाच्या शेवटी ‘-इंग’ दिसते, पण ते क्रियापदाला लागलेल्या प्रत्ययासारखे नाही. म्हणून ‘ह्युल्लिंगलेव्हेर’मध्ये ‘स’ नाही. याउलट ‘ऊतलेन्निंग’ (परदेशी व्यक्ती) या शब्दानंतर ‘स’ येतो, आणि व्हिसासाठी ज्या संचालनालयाशी आपला संबंध येतो त्याचे नाव ‘ऊतलेन्निंग्सदिरेक्तोराते’ असे होते.

शंका आली की शब्दकोशात त्याच पहिल्या पदाने सुरू होणारे इतर शब्द पाहावेत. हवा तो शब्द कोशात नसेल, कारण पारदर्शक अर्थाचे सगळेच समास कोशात नसतात. पण त्याच्या शेजाऱ्यांवरून सांधा बहुधा कळतो.

## टप्पा ३: कागदावर जोडा

आता लिहायचे. मुळात जागा सोडायची नाही. मराठीत आपण ‘बसस्थानक’ लिहितो आणि ‘बस स्थानक’ही खपवून घेतो, हा सैलपणा नॉर्वेजियनमध्ये चालत नाही. प्रत्येक सांध्यावर संयोगचिन्ह टाकणे हाही उपाय नाही. संयोगचिन्ह लघुरूपांनंतर लागते, उदाहरणार्थ ‘तेव्हे-प्रोग्राम’ (टीव्हीवरचा कार्यक्रम), किंवा समान शेवटचे पद एकदा गाळले असेल तेव्हा: ‘सोम्मेर- ओ विंतेटीद’, म्हणजे उन्हाळी आणि हिवाळी वेळ.

लेखनात सर्वाधिक गुण जातात ते तीन सारख्या व्यंजनांवर. ‘बुस्स’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन स आहेत आणि ‘स्तोप्प’ एका स ने सुरू होतो. जोडल्यावर तीन स होतात, पण नॉर्वेजियन लेखनात सलग तीन सारखी व्यंजने लिहीत नाहीत. एक गाळून दोनच लिहितात. फुटबॉल संघासाठीच्या ‘फूतबाललाग’ या शब्दात तीन ल यायला हवे होते, तेथेही दोनच राहतात. ओळ संपली म्हणून शब्द नेमका सांध्यावर मोडावा लागला, तर गाळलेले व्यंजन परत येते.

हे शिकल्यावर विद्यार्थी जास्तच काटकसर करू लागतात आणि ‘उंगदोम्सस्कूले’ (आठवी ते दहावीची शाळा) यात एकच स लिहितात. ते चूक आहे. येथे एक स सांध्याचा आणि दुसरा ‘स्कूले’चा, ते दोनच आहेत आणि दोन्ही लागतात. गाळायचे असते ते तिसरे व्यंजन, दुसरे नव्हे.

पडताळणी: पहिले पद विशेषण असेल तर त्याला अनेकवचन लावून पाहा. ‘स्तूर ब्यू’ हे दोन शब्द, म्हणजे मोठे शहर. अनेकवचनात विशेषणही बदलते: ‘स्तूरे ब्यूएर’. ‘स्तूरब्यू’ हा एक शब्द, म्हणजे महानगर. अनेकवचन ‘स्तूरब्यूएर’, पहिले पद जसेच्या तसे. विशेषण हलत असेल तर जागा सोडा, हलत नसेल तर जोडा. ‘स्तूरेब्रूर’ (थोरला भाऊ) यातला ‘ए’ पाहून गोंधळू नये. तो एकवचनातही असतो आणि अनेकवचनातही, म्हणजे तेथे पहिले पद हललेले नाही.

## टप्पा ४: अक्षरे मोजा, लांबी ठरवा

उच्चाराकडे वळण्यापूर्वी बोटाने टेबलावर ठोके देत अक्षरे मोजावीत. एक स्वर, एक ठोका. ‘बा-णे-हा-गे-प्लास्स’: पाच.

जोर असलेल्या अक्षरात एक तर स्वर लांब असतो किंवा त्यानंतरचे व्यंजन लांब असते. दोन्ही एकदम लांब किंवा दोन्ही आखूड नसतात. ‘ताक’ म्हणजे छप्पर, लांब आ. ‘ताक्क’ म्हणजे आभार, आखूड आ आणि दाबून धरलेला क. इंग्रजीच्या सवयीमुळे ही लांब व्यंजने पुष्कळांना अवघड वाटतात, पण मराठी बोलणाऱ्याने त्याचे भय धरू नये. ‘पक्का’ आणि ‘सत्ता’ म्हणणाऱ्या जिभेला ती येतातच. फक्त शब्दाच्या शेवटीही ती धरावी लागतात, एवढेच नवे आहे.

जोर नसलेला ‘-ए’ मात्र दोन्ही बाजूंनी चुकतो. काही जण मराठीतल्या अन्त्य ‘अ’प्रमाणे तो गिळतात आणि ‘बाण्‌हाग’ म्हणतात. काही जण तो ताणून ‘बाणेऽहागेऽ’ करतात. तो ऐकू यायला हवा, पण पुसट आणि आखूड.

सांध्यावर आणखी एक गंमत घडते. पूर्व नॉर्वेत ‘र’नंतर त, द, न, स आले की र नाहीसा होतो आणि पुढचा वर्ण ट, ड, ण, श असा होतो, हे सांधा ओलांडूनही घडते. ‘सोम्मेर’ (उन्हाळा) आणि ‘दाग’ (दिवस) मिळून ‘सोम्मेडाग’. ‘विंतेर’ आणि ‘तीद’ मिळून ‘विंतेटीद’: पहिला त दंत्य, दुसरा ट मूर्धन्य, आपल्या बाराखडीतले दोन वेगळे वर्ण. इंग्रजीच्या वळणाने सगळीकडे ट आणि ड म्हणणारा मराठी माणूस येथे स्वतःचाच फायदा वाया घालवतो. बर्गन आणि स्ताव्हांगेर येथे र घशातून काढतात आणि हा बदल होत नाही.

## टप्पा ५: मुख्य आघात बसवा

हाच टप्पा सर्वात जास्त चुकतो, आणि कारण उघड आहे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो ऐकण्याची सवय कानाला नसते.

सामासिक नामात मुख्य आघात एकच असतो, आणि तो पहिल्या पदाच्या मूळ आघातावर असतो. नियम ‘पहिल्या अक्षरावर’ असा पाठ करू नये. अस्सल नॉर्वेजियन शब्दांत आघात बहुधा पहिल्या अक्षरावर असल्यामुळे तो खपून जातो, पण बाहेरून आलेल्या शब्दांत फसतो. ‘उनिव्हॅशितेत’ (विद्यापीठ) या शब्दात आघात पाचव्या अक्षरावर, ‘तेत’वर आहे. म्हणून विद्यापीठ रुग्णालयासाठीच्या ‘उनिव्हॅशितेत्सस्यूकेहूस’ या शब्दातही मुख्य आघात ‘तेत’वरच राहतो.

चॉकलेटची जोडी येथे पुन्हा उपयोगी पडते. ‘शोकोलादे’चा आघात ‘ला’वर आहे. ‘शोकोलादेमेल्क’ म्हणताना सारा जोर ‘ला’वर येतो, म्हणजे तिसऱ्या अक्षरावर, ‘मेल्क’ मागे पडते. ‘मेल्केशोकोलादे’ म्हणताना जोर ‘मेल’वर येतो आणि ‘ला’ला केवळ त्याची छाया उरते. ही जोडी सलग दहा वेळा मोठ्याने म्हणून नोंदवून ऐकावी. दोन्ही शब्दांत ‘ला’ सारखाच जोरात ऐकू आला, तर आघात अजून बसलेला नाही.

सावधान: काही स्थलनामे हा नियम मोडतात. ‘क्रिस्तियानसान्न’ आणि ‘क्रिस्तियानसुन्न’ या शहरांच्या नावांत आघात शेवटच्या अक्षरावर आहे. ही नावे ऐकूनच शिकावीत.

## टप्पा ६: दुय्यम आघात सांभाळा

पहिल्या पदावर जोर द्यायला शिकल्यावर नवी चूक सुरू होते: पुढचे सगळे एका दमात गडप होते. दुसऱ्या पदाचा मूळ आघात नाहीसा होत नाही, तो कमी होतो. त्यामुळे त्या अक्षरातली लांबी टिकवायची असते. ‘तोगस्ताशून’ (रेल्वे स्थानक) यात मुख्य आघात ‘तोग’वर आणि दुय्यम ‘शून’वर आहे, ‘स्ता’वर नाही; ‘शून’मधला ऊ लांबच राहतो.

तीन किंवा अधिक पदे असतील तर आधी शब्दाचे दोन मोठे गट पाडावेत. दुसऱ्या गटाच्या पहिल्या आघाताला ठळक दुय्यम आघात द्यावा आणि बाकीची पदे सपाट ठेवावीत. ‘रोवीन्सग्लास्स’मध्ये ‘रो’ मुख्य, ‘ग्लास्स’ दुय्यम आणि मधले ‘वीन’ फिके. गट चुकीचे पाडले की आघातही चुकतो. म्हणून टप्पा २ आधी, हा टप्पा नंतर.

## टप्पा ७: सूर एकच ठेवा

नॉर्वेजियनमध्ये आघात असलेल्या शब्दाला दोनपैकी एक सूर असतो. ‘बोन्नेर’ हा उच्चार एका सुरात शेतकऱ्यांसाठी आणि दुसऱ्या सुरात शेंगदाण्यांचे चुलते असलेल्या घेवड्यासारख्या बियांसाठी वापरतात. पूर्व नॉर्वेत पहिला सूर खालून सुरू होऊन चढतो. दुसरा वरून उतरून पुन्हा चढतो. आरंभीच्या विद्यार्थ्याने कोणता सूर कोणत्या समासाला, यावर डोके आपटू नये. संपूर्ण समासाला एकच सूर असतो आणि दुसऱ्या पदापाशी नवा सूर सुरू करायचा नसतो, एवढे पाळले तरी बोलणे समजते.

एक सापळा मात्र ओळखून असावा. पूर्व नॉर्वेच्या बोलण्यात आवाज शेवटच्या अक्षराकडे वर चढत जातो. आपल्या कानाला ही चढण जोरासारखी भासते, आणि ऐकून नक्कल करणारा ‘बाणेहागेप्लास्स’मधल्या ‘प्लास्स’वर घाव घालतो. चढतो तो सूर. जोर ‘बा’वरच आहे. खात्री करण्यासाठी आवाजाची उंची न ऐकता लांबी ऐकावी.

## एक शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत

निवास परवान्याचा शब्द घेऊ: ‘ओप्पहोल्सतिल्लातेल्से’. मागून तोडल्यावर ‘तिल्लातेल्से’ (परवानगी) हे मुख्य पद मिळते. ते पुल्लिंगी, म्हणून एन ओप्पहोल्सतिल्लातेल्से आणि निश्चित रूपात शेवटी न. पुढचे पद ‘ओप्पहोल’ (वास्तव्य), स्वतःच जुळलेले, म्हणून मध्ये स. स्पेलिंगमध्ये ‘होल’च्या शेवटी एक मुका द आहे, तो लिहायचा, उच्चारायचा नाही. अक्षरे सहा: ओप्प-होल्स-तिल-ला-तेल-से. मुख्य आघात ‘ओप्प’वर, त्यातला प दाबून. दुय्यम ‘तिल’वर. मराठी माणसाची जीभ लांब आ पाहून ‘ला’वर थांबते, तेथे थांबू नये.

आता तयारीत उल्लेखलेल्या शब्दकोशाचे नाव वहीवर स्वतः तोडून पाहावे: ‘बूकमोल्सऊरबूका’. त्यात ‘बूक’ (पुस्तक) दोनदा आहे, ‘मोल’ म्हणजे भाषा, ‘ऊर’ म्हणजे शब्द. दोन गट पडतात, बूकमोल आणि ऊरबूक. पहिला गट सामासिक असल्याने मध्ये स आला, आणि शेवटचा ‘आ’ हा ‘बूक’च्या स्त्रीलिंगी निश्चित रूपाचा. मुख्य आघात पहिल्या ‘बूक’वर, दुय्यम ‘ऊर’वर. दुसऱ्या ‘बूक’वर जोर आला असेल, तर टप्पा ६ पुन्हा वाचावा.